दिघोरीचं गॅसबत्तीतलं आभाळ

आम्हा आठ जणांना अजिंठ्याला जायचं होतं, सरांना दिघोरीला. रीतसर मतदान झालं. आठ विरुद्ध एक. आणि आम्ही दिघोरीला गेलो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. नागपुरात चित्रकला शिकत होते, तिसरं वर्ष. वर्षातून एक अभ्यास सहल असायची. आदल्या वर्षीची पोरं अजिंठा करून आली होती आणि येताजाता लेण्यांच्या गप्पा मारून आमचा जीव खात होती. मी तर दोन कोऱ्या वह्या आणि नवी पेन्सिलींची पेटी घेऊन तयार बसलेले. तेवढ्यात सर म्हणाले, "भंडारा जिल्ह्यात एक पेंटर आहेत, डोमाजी म्हणून. नाटकाचे पडदे रंगवतात. दोन दिवस त्यांच्या घरी काम बघायचं." नाटकाचे पडदे! राजवाडा, जंगल, रस्ता आणि तलाव! दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे, इथे तर ताकातही पाणी घातलेलं होतं. मी दोन दिवस सरांशी नीट बोललेसुद्धा नाही.

आधीच सांगून टाकते, मला धीर म्हणून कधी नव्हता. आई म्हणायची, "कुमुदच्या पायाला भिंगरी आणि हाताला खाज." सिनेमा मध्यंतरापर्यंतच आवडायचा. भाजी शिजेपर्यंत चार वेळा झाकण काढायची. हे सगळं का सांगतेय ते पुढे कळेल.

सकाळी सहाची एसटी धरली. भंडाऱ्याला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पोटात कावळे कोकलत होते. स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले. तर्री अशी की शरदच्या नाकातून पाणी आलं. शरद म्हणजे आमच्या वर्गातला चेष्टेखोर, कुणाला सोडायचा नाही. पुढच्या गाडीला दीड तास होता, मग बाजारात पितळी भांडी बघत हिंडलो. आईसाठी मी एक गडवा उचलला आणि सवयीप्रमाणे दुकानाबाहेर उन्हात नेऊन फिरवून बघायला लागले. साडी असो, बांगडी असो, उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. दुकानदार ओरडला, "ओ ताई, गडवा घेऊन पळता का काय?" शरद म्हणाला, "पळत नाही हो, ती सूर्याला विचारून घेते सगळं." सगळे हसले, मीही हसले. गडवा घेतला.

लाखांदूरकडे जाणारी गाडी खच्चून भरलेली. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली तेव्हा खिडकीशी बसलेल्या एका बाईने नदीत नाणं टाकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी टाक ना वो, कायले पाहून राहिली?" मी टाकलं. पुढे रस्ता अरुंद, दोन्हीकडे धान. अर्धं कापून पसरलेलं, अर्धं उभं. मधेमधे तलाव. दिवाळी होऊन गेली होती आणि या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, पाहुणे, आणि मंडईचं नाटक बघायला दहा कोसांवरून माणसं येतात. गाडीत निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या मंडईलाच निघालेली. कोणत्या गावचं नाटक चांगलं यावर मागच्या बाकावर असं भांडण जुंपलं होतं की कंडक्टरने दोनदा दम दिला.

दिघोरीला उतरलो तेव्हा एक वाजला होता. (आता जाणार असाल तर रस्ता पुष्कळ सुधारलाय, आपली गाडी काढून नागपूरहून सकाळी निघालात तर जेवायच्या वेळेला पोहोचाल. आम्हाला तेव्हा आख्खा अर्धा दिवस लागला आणि सगळी हाडं वेगळी झाली.)

डोमाजीबाबा अंगणातच उभे होते. सत्तरीला टेकलेले, उंच, अंगात बंडी, धोतराला सतरा रंगांचे डाग. एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. "या जी, या," म्हणाले, आणि हात जोडून आमच्या थोडं डावीकडे बघत नमस्कार केला. त्यांची बायको गिरजाबाई, बुटकी आणि काटक, आम्ही पाय धुतो न धुतो तोच पानं मांडून मोकळी. भात, वरण, वांग्याची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे गरम वडे. मी सात खाल्ले. लाज वाटून आठव्याला नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "खा वो माय, वडे मोजून कोनी मोठं झालं का?"

जेवल्यावर स्टुडिओ बघायला गेलो. आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवलेलं होतं, स्टुडिओला उत्तरेचा उजेड हवा, मोठ्या खिडक्या हव्यात. इथे घरामागे एक लांबलचक कौलारू कोठार, कधीकाळी धान भरायचं. एकही खिडकी नाही. कौलांच्या फटीसुद्धा गवत कोंबून बुजवलेल्या. आत शिरल्यावर डोमाजीबाबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मिट्ट काळोख. मग गिरजाबाईंनी गॅसबत्ती पेटवली, हवा भरली, ती फसफसत भगभगत उजळली, आणि समोरच्या भिंतीवर जमिनीपासून आढ्यापर्यंत एक राजवाडा उभा राहिला. भर दुपारी दोन वाजता! उकाडा असा की घाम टाचेपर्यंत. रॉकेलचा वास, त्यात चुलीवर शिजणाऱ्या सरसाचा वास, म्हणजे ज्यात कोरडे रंग कालवतात तो डिंकासारखा चिकट रस. शरदने विचारलं, "बाबा, पण खिडकी का नाही?" डोमाजीबाबा खळखळून हसले. "बसा, सांगतो."

ते सांगायला बसले आणि मी उठले. खरंच सांगते, पाच मिनिटंसुद्धा दम निघाला नाही. डोकं भणभणायला लागलं. दार किलकिलं करून बाहेर सटकले आणि अंगणात वारा खात बसले. आतून अर्धा तास बोलणं, हसणं, सरांचे "वा वा" ऐकू येत होते. माझं काय अडलंय, म्हटलं, उकाड्यात बसायला?

संध्याकाळपर्यंत मग बारीकसारीक कामं चालली. पोरांनी रंग कुटले, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत माखले. गिरजाबाई करवंट्यांमध्ये रंग कालवून आणून देत होत्या. सर आम्हा मुलींना म्हणाले, "बघा, घरची बाईसुद्धा किती मदत करते." गिरजाबाईंनी पदर नीट केला आणि चहा ठेवायला गेल्या. मी मात्र दुसरंच बघत होते. डोमाजीबाबा चालताना भिंतीला बोटं लावून चालायचे. चहाचा कप त्यांच्या हातात ठेवावा लागायचा, समोर ठेवला तर हात आधी इकडेतिकडे फिरायचा. मुलं शाळेत झोपायला गेली, आम्ही तिघी मुली त्यांच्याच घरी राहिलो, त्यामुळे हे जरा जास्तच दिसलं. कुणाला बोलले नाही. मनात मात्र ते घोळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तयार पडदा अंगणात उन्हात वाळायला पसरला. शेजारच्या गावच्या मंडईचा, उद्या तिथे नाटक, आज संध्याकाळी नाटक मंडळाची माणसं न्यायला येणार. तलावाकाठचा देखावा होता. अठरा फूट लांब, खाली पाणी, पलीकडे झाडी, दोन ताडाची झाडं, वर आभाळ. डोमाजीबाबा सरांना आणि पोरांना तलाव दाखवायला निघाले. शरदच्या खांद्यावर हात ठेवून. सरांना वाटलं माया. मी म्हटलं, मी नाही येत, पाय दुखतोय. पाय कसला दुखतोय, मला पुन्हा एक तलाव बघायचा कंटाळा आला होता. गिरजाबाई शेतात धानाचे भारे बांधायला निघाल्या, जाताना म्हणाल्या, "मंग तू बस अठी. पडद्यावर शेळ्या येऊ देजो नको. वाळला का बाजूच्या बायाले हाक मार, गुंडाळून कोठारात ठेवा."

म्हणजे मी राखणदार. शेळ्यांची राखणदार! अर्धा तास इमानेइतबारे काठी घेऊन बसले. मग पडदा नीट बघायला लागले. आणि जसजशी बघत गेले तसतशी जवळ सरकत गेले.

आभाळ चुकलं होतं. चक्क चुकलं होतं. निळं नव्हतंच ते. कच्च्या पपईच्या सालीसारखं फिकट हिरवट, त्यावर खडूचा पांढुरका हात. पाणीही तसंच. भर उन्हात मी वाकून, लांब जाऊन, दगडावर चढून पाहिलं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. शाळेतलं पोरसुद्धा असं आभाळ रंगवणार नाही. आणि लख्खकन लक्षात आलं. म्हाताऱ्याला निळा दिसतच नाही! डोळे गेलेत आणि घरात कुणाला सांगत नाही. आज संध्याकाळी माणसं येतील, हे असलं आभाळ बघतील, आणि चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल. मला भरून आलं. खरंच भरून आलं, उगाच नाही सांगत.

कोठाराच्या ओट्यावर निळीच्या भुकटीचा डबा होता. चुलीवर सरस कोमट होता. बांबूला बांधलेला कुंचला दाराशी टेकवलेला. मी साडी खोचली आणि कामाला लागले. दोन तास. वरती गडद, खाली येता येता फिकं, क्षितिजाशी नुसती झाक, अगदी शिकवलं होतं तसं. पाण्यातही तेच निळं उतरवलं. उन्हाने रंग भराभर वाळत गेला. काय सुंदर झालं होतं! शरदचं आभाळ वर्गात पहिलं येतं ना, त्याला म्हणावं ये आता. वाळल्यावर शेजारच्या दोघी बायांना हाक मारली. त्यांनी पडदा पाहिला, एकमेकींकडे पाहिलं, एक म्हणाली, "बदलवला का जी?" मी ऐटीत "हो" म्हटलं. बांबूला गुंडाळून आत नेऊन ठेवला. गिरजाबाई आल्या, त्यांना सांगितलं नाही. सगळ्यांना एकदम चकित करायचं होतं मला.

चारच्या सुमाराला बैलबंडी घेऊन मंडळाची माणसं आली. पुढारी गोविंदाभाऊ, डोक्याला फेटा, खणखणीत आवाज, बरोबर तिघे. आमचं लटांबरही तोवर परतलं होतं. सगळे कोठारात शिरले, दार लागलं, गॅसबत्ती पेटली. मी पुढे जाऊन उभी राहिले. दोघांनी दोर सोडला आणि पडदा उलगडत खाली आला.

आभाळ काळं होतं.

निळं नाही, करडं नाही, काळं. तव्याच्या बुडासारखं. त्याखाली पाणीही काळं, आणि दोन ताड त्या अंधारात कुठे गेले ते कळेना. मी डोळे चोळले. मग गोविंदाभाऊ म्हणाले, "डोमाजी, हे आभाळ होय का विहीर जी?"

त्यांच्याबरोबरची माणसं हसली. गोविंदाभाऊ हसले नाहीत. "लोकं म्हनून राहिले होते, बुढ्याले आता दिसत नाही. मी भांडलो त्यायच्यासंग. म्हटलं, डोमाजीचा पडदा हाय, डोळे मिटून घ्या. आता गावाले काय सांगू? उद्या मंडई हाय! आताच्या आता मानूस धाडून नागपूरचा पडदा भाड्यानं आना लागन. अन पुढच्या सालापासून..." पुढचं त्यांनी गिळलं. पण कोठारातल्या प्रत्येकाला कळलं. एका गावाने पडदा परत केला की ती बातमी आसपासच्या सगळ्या मंडयांत फिरणार, आणि डोमाजी पेंटरकडे कुणी फिरकणार नाही.

शरद माझ्या कानाशी लागला. "हे तू केलंस? अगं बावळट, काल ते अर्धा तास हेच सांगत होते! नाटक गॅसबत्तीत असतं. गॅसबत्तीत निळा काळा पडतो, म्हणून हिरवट लावतात. म्हणून तर खिडकी नाही! कुठे होतीस तू?"

अंगणात होते. वारा खात होते.

"मी केलं ते," मी म्हणाले. पुन्हा मोठ्याने म्हणाले, "बाबांनी नाही. आभाळ मी रंगवलं. सकाळी. त्यांचं बरोबर होतं."

गोविंदाभाऊंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तेच जास्त लागलं. "चांगली पोरगी हायेस तू. म्हाताऱ्याले वाचवाले खोटं बोलून राहिली. पन बाई, काल आलेल्या पोरीच्या हातात कोनी एवढा पडदा देते का?" मी हात पुढे केले, निळेशार. ते म्हणाले, "तुमचे त सगळ्यायचेच हात रंगले हायेत." बघते तर खरंच, आठही जणांचे हात माखलेले. सरांचा चेहरा उतरलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं शब्दशः घडावं!

डोमाजीबाबा शांतपणे म्हणाले, "गोविंदा, पोरगी खोटं नाही बोलत. तासभर थांबतो का? तिनं बिघडवलं, तीच दुरुस्त करन. मी तठी मागं बसतो, लोकं बसतात तठी. जागचा हलत नाही. तठून सांगीन कोठं काय लावाचं. मले दिसत नसन त पडदा नेजो नको."

त्यांना दिसत नाही हे त्या कोठारात फक्त मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. आणि ते स्वतःहून अशी पैज मारत होते. पण माघार घ्यायला तोंड होतं कुठे मला? गोविंदाभाऊ "बरं" म्हणाले आणि माझ्या हातावर नजर ठेवून पडद्याशीच उभे राहिले, सर आणि पोरंही त्यांच्याभोवती. डोमाजीबाबा कोठाराच्या पार मागच्या टोकाला, अंधारात, पोत्यावर जाऊन बसले. गिरजाबाईंनी करवंट्या माझ्यापाशी आणून ठेवल्या, रंग कालवून दिले आणि सुपारी कातरत नवऱ्याच्या मागे बसल्या.

"पह्यले खडू," मागून आवाज आला. "सगळ्या आभाळावर. पातळ."

मी शिडीवर चढले. खडूचा हात दिला. "आता हिरवा. जास्त नाही. उजव्या अंगानं सुरू कर." दिला. "थांब. ताडाच्या डोक्यावर अजून काळं हाय. वीतभर." मी बघितलं, खरंच होतं. "डाव्या कोपऱ्यात ओघळ आला, पूस." आला होता. मला शिडीवरून जे दिसत नव्हतं ते तीस हातांवरून ते सांगत होते. गोविंदाभाऊंच्या भुवया वर चढायला लागल्या. "पान्यात पिवळी माती टाक थोडीशी. हां. तेवढीच." आणि माझ्या डोळ्यांदेखत, त्या भगभगीत उजेडात, हिरवट लेपातून निळं आभाळ वर आलं. संध्याकाळचं, ओलसर निळं. माझ्या डब्यातल्या निळीहून कितीतरी निळं.

मग मी चुकले होते का? त्यांना लख्ख दिसत होतं? करवंटीतला हिरवा संपला म्हणून मी शिडीवरून उतरले आणि आणखी मागायला मागे गेले. पाठीमागे बत्ती, समोर अंधार. डोळे सरावले आणि मी होते तिथेच थांबले.

डोमाजीबाबा पडद्याकडे बघतच नव्हते. मान खाली, डोळे मिटलेले, कान मागे झुकलेला. बघत होत्या गिरजाबाई. टक लावून, सुपारी तशीच हातात धरून, आणि पदराआड त्यांचे ओठ हलत होते. त्या पुटपुटायच्या आणि ते मोठ्याने म्हणायचे.

गिरजाबाईंनी मला पाहिलं. ओठ थांबले. मी रिकामी करवंटी पुढे केली. त्यांनी तिथल्या तिथे रंग कालवला, बोटाने चाखल्यासारखा घोटला, मला दिला. मी परत शिडीवर चढले. उरलेलं आभाळ पुरं केलं.

तास व्हायच्या आत गोविंदाभाऊंनी फेटा काढून डोमाजीबाबांच्या पायाला हात लावला. "काय नजर हाय बुढ्याची! माह्यं चुकलं जी." सर टाळ्या वाजवायला लागले, पोरंही. डोमाजीबाबा म्हणाले, "नाव राह्यलं. पोरी, तुहं अक्षर चांगलं असन, तूच लिही." प्रत्येक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगात पेंटरचं नाव असतं. मी कुंचला घेऊन बसले आणि गिरजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान हलवली, लिही म्हणून. मी लिहिलं: डोमाजी पेंटर, दिघोरी. माझं अक्षर खरंच चांगलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी गिरजाबाईंनी मला विहिरीवर गाठलं. म्हणजे मीच सापडले, कारण आदल्या रात्रीपासून मी त्यांची नजर चुकवत होते.

"पाह्यलं ना तू?"

"हो मावशी."

"चार वर्सं झाली. एक डोळा त पह्यलेच गेला होता, मंग दुसराबी गेला. डॉक्टर म्हनते आता येत नाही. आखनी अजून तेच करतात, वितीनं मोजून, हात चुकत नाही त्यायचा. रंग माहे."

"मग सांगत का नाही लोकांना? तुमचं काम आहे ते!" मी तावातावाने म्हणाले. लगेच, अर्थात. धीर नव्हताच.

त्यांनी बादली विहिरीत सोडली. "बाईनं रंगवला म्हनून सांगतलं त कोनी नेईन का? अन त्यायले काय वाटन? दिवसभर बसून राहतीन खाटेवर." बादली भरून वर ओढली. "कोनाले सांगजो नको. सांगशील?"

"नाही सांगणार."

"अन तुहा निळा वाईट नव्हता वो. उन्हातला होता, बस."

परतीच्या गाडीत सगळे गात होते. मी खिडकीशी बसून नखांतला निळा रंग खरवडत होते. कारध्याच्या पुलावर शरद म्हणाला, "टाक नाणं, पाप फिटेल." मी टाकलं नाही.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे दारं-खिडक्या लावून, कंदील पेटवून माझी वर्षभराची चित्रं एकेक बघितली. बाबा ओरडले, भर दिवसा रॉकेल जाळतेस? काही चित्रं अगदी ओळखेनाशी झाली होती. सरांनी सहलीचा अहवाल मागितला होता. तोही लिहिला. माझी चूक कबूल केली, गॅसबत्तीतले रंग समजावून सांगितले, आणि शेवटी लिहिलं की श्री. डोमाजी यांच्या अचूक नजरेला तोड नाही. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्या लिखाणाला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि वाक्य खोटं.

त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. मी पुढे शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले. मुलीने हा ब्लॉग काढून दिला, आणि तीर्थयात्रा, डोंगर, समुद्र सगळं लिहून झालं तरी हा प्रवास मी लिहीत नव्हते. चारदा सुरू केला, चारदा खोडला. मध्यंतरी त्या रस्त्याने जाणं झालं. गाडी थांबवून चौकशी केली. डोमाजीबाबा आमच्या भेटीनंतर सात-आठ वर्षांनी गेले. "शेवटपर्यंत पडदे केले जी त्यायनं," चहाच्या टपरीवरचा माणूस अभिमानाने म्हणाला. "नजर शाबूत होती बुढ्याची." आणि गिरजाबाई? "बुढा गेल्यावर पोरीकडे गेली. तेबी वारली असन आता." पडदे? आता बहुतेक मंडळं छापील पडदे आणतात. जुने कुठे धानावर झाकले, कुठे फाटले.

तिथेच ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. नाही सांगितलं. गाडीत बसले आणि नागपूर येईपर्यंत चुळबुळ करत राहिले. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "मॅडम, तब्येत ठीक आहे ना?"

शब्द दिला होता, आणि तो आज मोडतेय. गिरजाबाईंना हे आवडलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित म्हणाल्या असत्या, तुले अजून धीर नाहीच वो. पण तो पडदा आता कुणी परत करणार नाही, आणि डोमाजीबाबांना खाटेवर कुणी बसवणार नाही. त्या कोपऱ्यात नाव माझ्या हाताने लिहिलं होतं, म्हणून दुरुस्तीही मलाच करायला हवी. अर्धं नाव राहून गेलं होतं. ते आज लिहिते.

डोमाजी आणि गिरजाबाई पेंटर, दिघोरी.